ओढस

मे महिन्यात भुसावळला पेचकसाची मूठसुद्धा भाजते.
जामनेर रोडच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला :
"लुकमानभाई, बार बसत नाहीये. या."
मेण माझं, भट्टी माझी, ओतकाम माझं.
हेल्मेटच्या आतच मान खाली घालून निघालो.

खुर्चीत फकिरा बाविस्कर, मूळचे पारोळ्याकडचे,
छत्तीस वर्षं लोको शेडला फिटर.
खालच्या जबड्यात पाच खुंट्या,
पाच महिने हाडात मुरलेल्या,
आणि त्यांच्यावर माझा बार :
पुलाचा गर्डर, पण करंगळीएवढा.

झोपे मॅडमनी डाव्या टोकाचा स्क्रू लावला. एकच.
उजवं टोक उचललं गेलं,
कुणी नको असलेला पाहुणा दिसल्यावर
भुवई उचलावी, तेवढं.
एक्सरेत काळी रेघ,
केसाहून बारीक.
मी तिला लगेच ओळखलं.
माझीच होती.

"सगळे आवळले तर बसतो बघा," मॅडम म्हणाल्या,
आणि आवळून दाखवले.
दुसरा, तिसरा, चौथा,
पाचव्याला मनगट जरा जास्त वळलं
आणि रेघ मिटली.
एक्सरे कोरा.
खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं झालं मला.
रविवार होता. घरी रस होता, खापरावरचे मांडे होते.

तोंडात हात असलेला माणूस बोलू शकत नाही.
म्हातारा गुडघ्यावर बोट आपटत राहिला.
हात निघाल्यावर म्हणाला,
"अठे ओढस."
"दुखतं का, बाबा?"
"दुखस नही. ओढस."

मग चूळ भरून सांगू लागला शेडमधलं :
झाकण वाकडं आलं तरी नट पिळून पिळून
चापून बसवणारे होते काही जण.
साहेब हात फिरवायचा, खूश व्हायचा.
तडा तिथे जात नसे.
तडा जायचा महिन्याने,
खंडव्याच्या पुढे कुठेतरी, रात्री,
दुसऱ्याच कुणाच्या ड्युटीत.

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या.
मी ट्रेकडे बघत होतो.
स्क्रू म्हणजे शेवटी ताणलेला धागा.
माझी फट ओढून मिटवण्यातच
त्याचं सगळं बळ संपलं,
तर भाकर चावताना तो काय धरून ठेवणार?
आणि मिटलेली फट जाते कुठे?
हाडात जाते. तिथे बसून राहते.
बसलेलं वेगळं, बसवलेलं वेगळं.
हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं असं नाही.

"कापा," मी म्हणालो.
चकती मीच लावली, दुसऱ्या आणि तिसऱ्या खुंटीच्या मधोमध.
दोन तुकडे तोंडातच लाल राळेने धरले,
रात्री लॅबमध्ये सांधले.
मांडे गार झाले होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा एकच स्क्रू.
उजवं टोक निजूनच राहिलं.
मग मधला, मग आजूबाजूचे, टोकं शेवटी,
आधी नुसत्या बोटांनी,
मग पान्याने, पंधराच्या खुणेपर्यंत.
पाचही बसले आणि मॅडम हातमोजे न काढता थांबल्या.
दहा मिनिटं.
घट्ट झालेला धातू घट्ट झाल्यावरही
आतल्या आत थोडा सैलावतो, म्हणून.
कूलरचा आवाज. खाली केळीचा ट्रक रिव्हर्स घेत होता.
बाविस्कर डोळे मिटून होते
पण त्यांचा अंगठा अन् तर्जनी
मांडीवर काहीतरी फिरवत होती, त्याच क्रमाने.

दुसऱ्या फेरीत मधला अजून जरासा फिरला.
पाव आटाही नाही.
"आता ओढतं?"
त्यांनी जीभ फिरवली, शोधली, नाही सापडली.
"काहीच वाटस नही,"
थोडं हिरमुसूनच म्हणाले.

निघताना जुने पाच स्क्रू मागून घेतले,
ते पुन्हा वापरत नाहीत म्हटल्यावर.
खिडकीशी नेऊन, एकेकाच्या आट्यांवरून
नख फिरवत गेले.
पाचव्यावर नख अडलं.
काही बोलले नाहीत.
तेवढा एक माझ्या हातात ठेवला.